मूलपेशी उपचार : सिद्ध झालेले आणि नुसते विकले जाणारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आणि शहरातील चौकाचौकांतल्या फलकांवर हल्ली मूलपेशी उपचारांच्या, म्हणजेच स्टेम सेल थेरपीच्या, जाहिराती दिसू लागल्या आहेत. झिजलेले गुडघे, मधुमेह, पक्षाघात, मज्जारज्जूची दुखापत, मुलांमधील स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी असे एकमेकांशी काही संबंध नसलेले आजार एकाच दवाखान्यात, एकाच तऱ्हेच्या इंजेक्शनाने बरे होतील, असे त्यांत सुचवलेले असते. माझी सगळी नोकरी रक्तपेढीत आणि रक्तविकारांच्या रुग्णांमध्ये गेली. मूलपेशींच्या प्रत्यारोपणामुळे मरणाच्या दारातून परत आलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्याच नावाने दिल्या गेलेल्या इंजेक्शनांपायी दागिने मोडलेली कुटुंबेही पाहिली आहेत. या दोन गोष्टींत नेमका फरक काय, हे वाचकांना कोणी सविस्तर सांगत नाही. म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा लांब झाले आहे. ते शक्यतो न कापता छापावे, ही विनंती.

स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करत राहणारी आणि त्याच वेळी विशिष्ट काम करणाऱ्या पेशींना जन्म देणारी पेशी म्हणजे मूलपेशी, एवढी माहिती दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही मिळते. पुढचा भाग मात्र बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. प्रत्येक मूलपेशीची क्षमता सारखी नसते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतील पेशी शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी घडवू शकते. मोठ्या माणसाच्या शरीरातील मूलपेशी मात्र आपापल्या जागेपुरत्या असतात. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्त घडवते, त्वचेतील त्वचा घडवते, डोळ्यातील डोळ्याच्या पृष्ठभागाचे आवरण घडवते. रक्त घडवणारी पेशी मेंदूत सोडली म्हणजे तिचा मेंदू होत नाही. कुठलीही जाहिरात वाचताना ‘ही पेशी कुठून घेतली आणि ती मुळात काय घडवू शकते’ एवढे विचारले, तरी बरेचसे दावे तिथेच गळून पडतात.

सर्वात जुना, सर्वात भक्कम पुरावा असलेला आणि जगभर रोज केला जाणारा मूलपेशी उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. १९६१ मध्ये टोरांटो येथे टिल आणि मॅकलक या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून रक्त घडवणाऱ्या मूलपेशीचे अस्तित्व दाखवून दिले. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी माणसांवरील प्रत्यारोपणाचा पाया घातला आणि त्यासाठी त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्या भावाची अस्थिमज्जा वापरून देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. महाराष्ट्रात हे घडले याचा मला आजही अभिमान वाटतो.

या उपचारात चमत्काराचा भाग नाही, पण तो सोपाही नाही. आधी औषधांच्या मोठ्या मात्रेने रुग्णाची स्वतःची मज्जा रिकामी केली जाते. मग दात्याच्या मूलपेशींची पिशवी साध्या रक्ताच्या पिशवीसारखीच सलाइनच्या स्टँडला टांगली जाते आणि तासाभरात शिरेतून आत जाते. ती पाहून नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. ‘ऑपरेशन कधी?’ असे अनेकांनी मला विचारले आहे. शिरेत सोडलेल्या पेशी रक्तप्रवाहातून आपली वाट शोधत हाडांतील मज्जेत पोहोचतात आणि तिथे रुजतात. पुढचे दोन-तीन आठवडे रुग्णाच्या शरीरात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. साधा ताप आला तरी जीव टांगणीला लागतो आणि रोज सकाळी येणाऱ्या रक्ताच्या अहवालातील एका आकड्याकडे सगळ्या वॉर्डाचे लक्ष असते. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटण्याचा धोका वेगळाच. एवढे सोसूनही हा उपचार केला जातो, कारण रक्ताच्या कर्करोगाचे काही प्रकार, मज्जा निकामी होण्याचा आजार, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तांबड्या रक्तपेशींचे आनुवंशिक आजार आणि काही जन्मजात प्रतिकारशक्ती-विकार त्याने खरोखर बरे होतात, आणि त्याचा पुरावा हजारो रुग्णांच्या कित्येक वर्षांच्या नोंदींत आहे.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यातून साचणारे लोह काढण्यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात. देशात दरवर्षी अशी दहा ते पंधरा हजार बालके जन्माला येतात, असा अंदाज सांगितला जातो. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भाच्या अनेक भागांत सिकलसेलचा प्रश्न तेवढाच गंभीर आहे. या मुलांसाठी पूर्णपणे जुळणारा भाऊ किंवा बहीण हा सर्वात चांगला दाता असतो. पण सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. आता अर्धे जुळणाऱ्या आई किंवा वडिलांकडूनही प्रत्यारोपण करता येऊ लागले आहे आणि त्याचे निकाल सुधारत आहेत. याच्याही पुढची पायरी म्हणजे रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यांच्या जनुकांत दुरुस्ती करून त्या परत देणे. सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठीच्या अशा पहिल्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मान्यता दिली आणि पाठोपाठ अमेरिकेनेही दिली. तिथे त्याची किंमत एका रुग्णामागे बावीस लाख डॉलर आहे. गडचिरोलीच्या मुलापर्यंत तो उपचार या किमतीत कधी पोहोचणार नाही, म्हणून त्यावर आपल्या देशात, आपल्या खर्चात बसेल असे संशोधन होणे फार आवश्यक आहे. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पाच रुग्णांवर, त्यांच्याच मूलपेशींत जनुक घालून केलेल्या उपचाराचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा हे काम इथे होऊ शकते, याबद्दल शंका राहू नये.

रक्ताखालोखाल भरवशाचे काम झाले आहे ते डोळ्यांच्या बाबतीत, आणि त्यातला मोठा वाटा भारतीय डॉक्टरांचा आहे, हे आपल्या वाचकांना फारसे ठाऊक नसावे. बुबुळाच्या कडेला, काळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथे, डोळ्याचा पृष्ठभाग सतत नवा करणाऱ्या मूलपेशी असतात. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लॅस्टिकची पुडी मुलांच्या हातात फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. असे अपघात आपल्याकडे नेहमीचे आहेत. चुन्याने त्या कडेच्या पेशी जळाल्या की बाजूची पांढरी त्वचा आणि रक्तवाहिन्या बुबुळावर चढतात आणि डोळा पांढुरका होऊन अंध होतो. अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवले तरी ते टिकत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग ताजा ठेवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली. रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे, आजारी डोळ्याचा पृष्ठभाग साफ करून त्यावर गर्भावरणाचा पातळ पापुद्रा पसरायचा आणि ते कण त्यावर जैविक गोंदाने चिकटवायचे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही, पेशी बाहेर वाढवाव्या लागत नाहीत. त्या डोळ्यावरच वाढतात. आज ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. चुन्याच्या पुड्यांवर बंदी घालून त्याऐवजी सुरक्षित डबी सक्तीची करणे हा याहून स्वस्त उपाय आहे, हेही जाता जाता नोंदवते.

त्वचेचेही तसेच. भाजलेल्या रुग्णाच्या त्वचेचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून त्याच्याच जखमांवर लावण्याचे काम १९८० च्या दशकापासून होत आले आहे. २०१५ मध्ये जर्मनीत, स्पर्शानेही कातडी सोलून निघणाऱ्या जन्मजात आजाराच्या सात वर्षांच्या मुलाच्या शरीरावरील सुमारे ८० टक्के त्वचा, त्याच्याच मूलपेशींत जनुकदुरुस्ती करून, नव्याने लावण्यात आली. या सर्व यशस्वी उपचारांत एक गोष्ट समान आहे : जी पेशी मुळातच जे ऊतक घडवते, तेच काम तिला दिले गेले.

गर्भपेशींची आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या बहुक्षम, म्हणजे शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी घडवू शकणाऱ्या, पेशींची गोष्ट निराळी आहे. मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या करून वाढवण्यात १९९८ मध्ये विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन यांना यश आले. त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत असल्याने जगभर नैतिक वाद पेटला. २००६ मध्ये क्योतो येथील शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील साध्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा भ्रूणपेशीसारखी करून दाखवली आणि पुढच्याच वर्षी तेच मानवी पेशींवर केले. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. या पेशींची ताकद आणि त्यांचा धोका यांचे मूळ एकच आहे. काहीही घडवू शकणारी पेशी पूर्णपणे घडवल्याविना शरीरात गेली, तर तिची गाठ होऊ शकते. म्हणून हे शास्त्रज्ञ किती जपून पावले टाकतात ते पाहावे. २०१४ मध्ये कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने अशा पेशींपासून तयार केलेला दृष्टिपटलाचा थर सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले, आणि शस्त्रक्रिया न करता पथकाने काम थांबवले. रुग्ण तयार होता, जगाचे लक्ष लागले होते, तरीही ते थांबले.

अलीकडे या दिशेने आशा वाटावी अशा बातम्या आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या, पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिनची गरज उरली नव्हती. त्यांना बहुक्षम मूलपेशींपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी दिल्या होत्या. त्याच वर्षी पार्किन्सनच्या दोन लहान चाचण्यांत मेंदूत सोडलेल्या पेशी सुरक्षित असल्याचे आणि त्या टिकल्याचे दिसले. पण मधुमेहाच्या त्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावे लागते आणि रुग्णांची संख्या अजून बोटांवर मोजण्याइतकी आहे. आपल्या गल्लीतील दवाखान्यात मधुमेहावर दिले जाणारे ‘मूलपेशी इंजेक्शन’ आणि ही चाचणी यांचा काडीचाही संबंध नाही, हे मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावे.

गल्लीतल्या त्या इंजेक्शनात बहुधा असतात त्या रुग्णाच्या पोटाच्या चरबीतून, कमरेच्या हाडातून किंवा कुणाच्या तरी नाळेतून काढलेल्या मेसेंकायमल नावाच्या पेशी. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी घडवता येते, हे खरे. शरीरात सोडल्यावर मात्र त्या फार काळ टिकत नाहीत. त्यांचा जो काही परिणाम दिसतो, तो त्या स्रवत असलेल्या रसायनांमुळे सूज आणि प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया कमी झाल्याने होतो, असे आज मानले जाते. त्यांचे उपयोग आहेत. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी उलटलेल्या, स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांसाठी अशा एका औषधाला अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडेही बंगळूरच्या एका कंपनीने दात्यांच्या मज्जेपासून बनवलेल्या औषधाला, बर्गर आजारात पायाचा रक्तपुरवठा तुटलेल्या रुग्णांसाठी आणि नंतर गुडघ्याच्या संधिवातासाठी, औषध महानियंत्रकांची परवानगी आहे. परवानगी मिळते ती ठरावीक उत्पादनाला, ठरावीक मात्रेत, ठरावीक आजारासाठी. तिचा दाखला देऊन मागच्या खोलीत चरबी ढवळून ती शिरेत सोडण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही. काही ठिकाणी तर रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रव, पीआरपी, मूलपेशी म्हणून खपवला जातो. त्यात प्लेटलेट असतात. मूलपेशींच्या नावाने त्याचे पैसे घेणे ही सरळ फसवणूक आहे.

‘स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय काय होणार?’ असे समजावले जाते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१५ साली दृष्टिपटलाच्या आजाराच्या तीन वृद्ध महिलांना त्यांच्याच चरबीतील पेशी दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या. त्यासाठी प्रत्येकीने पाच हजार डॉलर मोजले होते. तिघींची दृष्टी कायमची गेली किंवा जवळजवळ गेली. हे प्रकरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले म्हणून जगाला कळले. आपल्याकडे अशा प्रसंगांची नोंद कोण ठेवतो? स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांची अगतिकता तर मी जवळून पाहिली आहे. मुलाने एकदा ‘आई’ म्हणावे यासाठी ते काहीही विकायला तयार असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, अशी भूमिका घेतली. ती या पालकांपर्यंत पोहोचवणे हे सरकारचे काम होते, आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांचेही.

आता नाळेतील रक्ताविषयी, कारण याबाबतीत सुशिक्षित मध्यमवर्गच सर्वाधिक फसतो. गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या फाइलमध्येच गुळगुळीत पत्रक ठेवलेले असते. त्यावर गोंडस बाळाचा फोटो आणि हप्त्यांची सोय. ‘बाळाचा जैविक विमा’ म्हणून त्याची नाळ खासगी पेढीत जपायची. नाळेतील रक्तात रक्त घडवणाऱ्या मूलपेशी असतात आणि १९८८ मध्ये पॅरिस येथे एलियान ग्लुकमन यांनी त्यांचे पहिले प्रत्यारोपण केले, हे खरे आहे. पण त्या वेळी रक्त वापरले गेले ते नवजात बहिणीचे, तिच्या आजारी भावासाठी. बाळाची नाळ त्याच बाळासाठी वापरण्याची वेळ क्वचितच येते. थॅलेसेमिया असेल, तर तोच जनुकीय दोष नाळेतल्या पेशींतही असतो. रक्ताचा कर्करोग असेल, तर त्याची बीजे जन्माच्या वेळीच त्या रक्तात असू शकतात. शिवाय एका नाळेतून मिळणाऱ्या पेशी मोठ्या वजनाच्या रुग्णाला बहुधा पुरत नाहीत. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचे नाळरक्त वापरावे लागण्याची शक्यता ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के इतकी नगण्य सांगितली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना या दोघांनीही अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. दात, चरबी, मासिक पाळीचे रक्त साठवण्याच्या योजनांना तर परवानगीच नाही. उलट जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ न कापता थांबावे, म्हणजे ते रक्त बाळाच्या अंगात जाऊन त्याला लोह मिळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात आधीच थॅलेसेमियाचे किंवा तत्सम आजाराचे मूल असेल, तर मात्र धाकट्या भावंडाचे नाळरक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य राखावे.

नियम नाहीत असे नाही. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. रक्तविकारांतील प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार वगळता मूलपेशींचा बाकी सर्व वापर हे संशोधन आहे आणि तो मंजूर चिकित्सा चाचणीतच व्हावा, असे त्यांत स्पष्ट आहे. २०१९ च्या नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन हे नवे औषध ठरते. मधुमेह, अंधत्व, पक्षाघात यांवर हमखास इलाजाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे आणि त्यांनी फक्त शहरातील फलक वाचत फिरले, तरी पुष्कळ काम होईल. रुग्णांनी दवाखान्यात दोन गोष्टी लेखी मागाव्यात : ही चाचणी असेल तर देशाच्या चिकित्सा चाचणी नोंदवहीतील तिचा क्रमांक, आणि औषध असेल तर त्या आजारासाठीची परवानगी. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. ‘संशोधन’ म्हणत लाखोंचे बिल हातात दिले, तर तिथून उठून यावे.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. अशा जाहिराती स्वीकारण्यापूर्वी हीच दोन कागदपत्रे जाहिरातदाराकडे मागावीत. आणि त्या जागेपैकी थोडी जागा मूलपेशीदानाच्या नोंदणीला द्यावी. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक इच्छुक दाते आहेत, पण त्यांत भारतीयांचे प्रमाण आपल्या लोकसंख्येच्या मानाने फार थोडे आहे. पेशींची जुळणी वंशपरंपरेने ठरते. त्यामुळे अमेरिकेत वाढलेल्या मराठी रुग्णालाही जुळणारा दाता मिळण्याची शक्यता तिथल्यापेक्षा इथे अधिक असते. २००९ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थांकडे गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीने नोंदणी होते. प्रत्यक्ष दानाची वेळ आली, तर बहुतेकदा पाच दिवस इंजेक्शने घेऊन रक्तातून मूलपेशी वेगळ्या करून उरलेले रक्त परत देणाऱ्या एफेरेसिस यंत्रावर काही तास बसावे लागते. त्या दिवसांत हाडे दुखतात, मग थांबतात. मज्जा पाठीच्या कण्यातून काढतात आणि माणूस लुळा होतो, ही भीती निराधार आहे. जेव्हा मज्जाच घ्यावी लागते, तेव्हा ती भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. महाविद्यालयांतील रक्तदान शिबिरांत, रक्ताच्या टेबलाशेजारीच, या नोंदणीचे टेबल मांडता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, आणि रक्तदानाला आलेला अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी हाच या दानासाठीही सर्वात योग्य दाता आहे.

आपली विश्वासू,
रक्तपेढीतील एक निवृत्त डॉक्टर, नाशिक